शेतांतील लहानशा 'बोर्डा'स वीज कोठून द्यावी?

गेल्या कांहीं वर्षांत आमच्या बिडकीन-पैठण भागांतील शेतकऱ्यांच्या घरीं एक नवी वस्तु येऊं लागली आहे. तळहातावर मावेल एवढी निळी किंवा काळी पट्टी, तीवर एक चिप, दोन-चार लुकलुकणारे दिवे आणि कडेस टांचण्यांच्या रांगा. मुलें हिला नुसतें 'बोर्ड' म्हणतात. पूर्ण नांव मायक्रोकंट्रोलर डेव्हलपमेंट बोर्ड. विहिरींतील पाण्याची पातळी पाहणें, जमिनींतील ओल मोजणें, ठिबकचा व्हॉल्व्ह वेळेवर उघडणें, मोटार बंद करणें व मोबाईलवर निरोप धाडणें अशीं कामें हा बोर्ड करतो. किंमत म्हणाल तर युरियाच्या दोन गोण्यांच्या आसपास. त्यास आज्ञा कशा लिहून द्याव्या हें शिकविणारे आतां पुष्कळ आहेत. त्यास वीज कोठून, किती आणि कशी द्यावी हें सांगणारे फार थोडे. आम्हांस ह्या दुसऱ्या विषयाचें ज्ञान एका मोटारीच्या मोलानें झालें. तें इतरांस फुकट मिळावें म्हणून हा लेख.

प्रथम आमची हकीकत. आम्ही सत्तावीस वर्षें महसुलाच्या दप्तरांत कारकुनी करून निवृत्त झालों. शिक्षण मराठी शाळेचें, त्यांत विजेचा धडा एकच होता. बिडकीनच्या शिवारांत वडिलोपार्जित मोसंबीची बाग आहे आणि बागेस एक विहीर. शेतीपंपांस थ्री फेज वीज इकडे पाळीपाळीनें मिळत आली आहे; कांहीं दिवस दिवसा, कांहीं दिवस रात्रीं. २०२३ सालीं सरकारनें मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेचा दुसरा टप्पा सुरू केला, त्याचा हेतु शेतीस दिवसा वीज देण्याचा आहे आणि तो सफल होवो; परंतु ज्या रात्रीची ही गोष्ट, त्या रात्रीं पाळी रात्रीचीच होती. गंमत अशी कीं, आमच्या बांधावरून जे दिवे रात्रभर दिसतात ते बिडकीनच्या औद्योगिक क्षेत्राचे. ७,८५५ एकरांचें हें क्षेत्र. २९ सप्टेंबर २०२४ रोजीं त्याचें लोकार्पण झालें. आमच्या दप्तरी आयुष्याचा कांहीं भाग भूसंपादनाचे कागद लावण्यांतच गेला आहे, म्हणून तो आंकडा पाठ आहे. असो, तो विषय वेगळा.

विहिरीवर ऑटोस्विच होता, म्हणजे वीज आली कीं मोटार आपोआप चालू होई. वैशाखांत आमची विहीर दीड-दोन तासांत तळास जाते. पुढें मोटार कोरडी फिरते. ती वेळेवर थांबावी म्हणून आमच्या पुतण्यानें, जो औद्योगिक प्रशिक्षण संस्थेंत वीजतंत्रीचें शिक्षण घेत आहे, एक 'आर्डुइनो उनो' बोर्ड आणून विहिरीवर बसविला. पाणी खालीं गेलें कीं बोर्डानें रिले ओढावा, रिलेनें स्टार्टरच्या कॉईलची वीज तोडावी, मोटार थांबावी आणि सिमकार्डाच्या मॉड्यूलमार्फत आमच्या मोबाईलवर संदेश यावा, अशी योजना. बोर्डास व मॉड्यूलास वीज शेतघरांतील मोबाईलच्या चार्जरमधून. घर ते विहीर अंतर तीस मीटर. मध्यें घरांत पडून असलेली बारीक दुपदरी तार. बसविण्यापूर्वीं अंगणांत बादलींत तारा बुडवून प्रयोग केला. दहा वेळां केला, दहाही वेळां रिले वाजला आणि संदेश आला. पुतण्या म्हणाला, "काका, आतां तुम्ही निवांत झोपा."

आम्ही झोपलों. सकाळीं स्टार्टरच्या पेटींतून जळका वास, मोटारीचें वाइंडिंग गेलेलें आणि मोबाईलवर एकही संदेश नाहीं.

आम्हीं बोर्डास शिव्या दिल्या. पुतण्या मात्र मीटर घेऊन बसला. सर्व स्वस्थ असतां बोर्डाच्या टांचणीवर ४.८ व्होल्ट भरले. पाहिजेत पांच, म्हणजे ठीकच. मग त्यानें पाण्यांतल्या तारा बाहेर काढल्या. रिले ओढला गेला, सिम-मॉड्यूलचा दिवा लुकलुकला, मीटरचे आंकडे कोसळले, बोर्ड विझला आणि नुकताच जन्मल्यासारखा पहिल्यापासून सुरू झाला. रिले सुटला. थोड्या सेकंदांनीं पुन्हा तेंच.

"ह्याच्यांत काय बी खराबी न्हाई, काका," तो म्हणाला, "ह्याच्या पोटालाच पुरंना झालंय."

मग रात्रीं काय घडलें तें उघड झालें. पाणी तळास गेल्याबरोबर बोर्डानें मोटार थांबविली आणि तो संदेश पाठवावयास निघाला. संदेश पाठवितांना असलें मॉड्यूल क्षणभर २ अँपिअरपर्यंत वीज ओढतें. एवढी त्या बारीक तारेंतून येईना. बोर्ड विझला, रिले सुटला, ऑटोस्विचनें मोटार पुन्हा चालू केली, पाणी नाहींच, बोर्ड जागा होऊन त्यानें ती पुन्हा थांबविली, आणि पुन्हा संदेश पाठवावयास गेला. मोटार सुरू होतांना नेहमींच्या पांच-सहा पट वीज ओढते हें वाचक जाणतातच. कोरड्या विहिरींत असें किती वेळां झालें तें देव जाणे. जळली त्यांत नवल नाहीं.

बोर्ड दिवसभर बिनतक्रार चालला आणि नेमका कामाच्या क्षणीं पडला, कारण कामाचा क्षण हाच सर्वांत अधिक वीज ओढण्याचा क्षण. विहिरीची परीक्षा भाद्रपदांत कोणी करीत नाहीं, ती वैशाखांत होते. आम्हीं अंगणांत केलेला प्रयोग ही भाद्रपदांतील परीक्षा होती. तेथें चार्जर हातभर अंतरावर होता.

आतां त्या तारेचा हिशेब पाहूं. अर्धा चौरस मिलिमीटर जाडीच्या तांब्याच्या तारेस दर मीटरला सुमारें ०.०३५ ओहम विरोध असतो. तीस मीटर जाणें व तीस मीटर येणें मिळून साठ मीटर, म्हणजे सुमारें २ ओहम. बोर्ड स्वस्थ असतां ०.१ अँपिअर घेतो, तेव्हां तारेंत ०.२ व्होल्ट हरवतात व पांचाचे ४.८ होतात, मीटरनें दाखविले तेच. अर्धा अँपिअर ओढला कीं १ व्होल्ट जातो. २ अँपिअर ओढूं पाहिले तर ४ व्होल्ट तारच खाते आणि बोर्डापर्यंत पोंचतो एक. पाटाच्या शेवटच्या शेतकऱ्यास ही गोष्ट नव्यानें सांगावयास नको. हीच तार १२ व्होल्टवर चालविली आणि पांच व्होल्ट अगदीं बोर्डापाशीं केले, तर तेवढ्याच कामास तारेंतून सुमारें निम्मेच अँपिअर जातात, आणि बारांतील एखादा व्होल्ट वाटेंत गेला तरी कांहीं अडत नाहीं. लांबून पांच व्होल्ट आणूं नयेत, हा पहिला धडा आम्ही असा शिकलों.

पुढें जाण्यापूर्वीं एक गैरसमज दूर केला पाहिजे, कारण तो आम्हांसही होता. चार्जरवर '५ व्होल्ट, २ अँपिअर' असें छापलेलें असतें. दोन अँपिअरचा चार्जर लावला तर बोर्ड जळेल काय? नाहीं. अँपिअर बोर्ड मागेल तेवढेच जातात. छापलेला आंकडा हा देण्याची ताकद सांगतो. व्होल्टाची गोष्ट उलट आहे. ते बोर्डावर लादले जातात. म्हणून अँपिअर जास्त असलेले चालतात, कमी असलेले चालत नाहींत. व्होल्ट मात्र सांगितले असतील तेवढेच हवे.

आर्डुइनो हा बोर्ड इटलींतील इव्हरेआ गांवीं २००५ सालीं विद्यार्थ्यांसाठीं म्हणून निघाला. त्यांतील 'उनो' पांच व्होल्टवर चालतो आणि त्यास वीज आंत घेण्याचीं तीन दारें आहेत. पहिलें यूएसबीचें, तेथें तयार पांच व्होल्ट येतात आणि ५०० मिलिअँपिअरच्या वर ओढ गेली तर तोडणारा व पुन्हा आपोआप जुळणारा फ्यूज असतो. दुसरें गोल दार. त्यांत ७ ते १२ व्होल्ट द्यावे, बोर्डावरील रेग्युलेटर त्याचे पांच करतो. सातांहून कमी दिले तर रेग्युलेटरचें स्वतःचें खाणें जाऊन पांच पुरे पडत नाहींत. तिसरें दार म्हणजे '५ व्होल्ट' लिहिलेली टांचणी. तेथें वीज थेट चिपपर्यंत जाते. मध्यें ना फ्यूज, ना रेग्युलेटर. ह्या टांचणीवर चुकून बारा व्होल्ट दिले तर बोर्डाचें आयुष्य डोळ्याचें पातें लवण्याइतकेंच.

दुसरा प्रचारांतील बोर्ड 'ईएसपी ३२'. ह्याची चिप शांघाय येथील एस्प्रेसिफ कंपनीनें २०१६ सालीं आणली. तिच्यांत वायफाय अंगचेंच असतें. ही चिप ३.३ व्होल्टची आहे. ३ च्या खालीं ती चालत नाहीं आणि ३.६ च्या वर तिला धोका. बोर्डावर यूएसबी, पांच व्होल्टची टांचणी आणि ३.३ व्होल्टची टांचणी अशीं तीन दारें असतात, आणि एका वेळीं ह्यांपैकीं एकच वापरावें असें करणारी कंपनीच बजावते. आमच्याकडे मुलें विहिरीवरची बॅटरी टांचणीस जोडलेली असतांनाच प्रोग्राम बदलण्यासाठीं लॅपटॉपची यूएसबी लावतात. दोन घरचे पाट एका चारींत सोडावे तसें हें आहे. ज्याचा दाब अधिक त्याचें पाणी दुसऱ्याच्या शेतांत शिरतें. बोर्ड जाईल तो जाईल, लॅपटॉपही जावयाचा. उनोमध्यें गोल दार व यूएसबी ह्यांच्यामध्यें निवड करणारी सोय बोर्डावरच आहे, म्हणून तेथें ती जोडी चालते. पांच व्होल्टच्या टांचणीस ती सवलत नाहीं.

आतां आम्हीं विहिरीवर दुसऱ्या खेपेस काय केलें तें सांगतों.

१२ व्होल्ट, ७ अँपिअर-तासांची बंद तोंडाची शिशाची बॅटरी, जी संगणकाच्या यूपीएसमध्यें असते, ती विहिरीवरच्या पेटींत ठेविली. वीज असतां तिचा चार्जर तिला भरतो. वीज गेली तरी बोर्ड जागा राहतो आणि वीज गेल्याचाही संदेश देतो. बॅटरी आहे बाराची आणि उनोचें गोल दार घेतें बारापर्यंत, मग तेथेंच कां जोडूं नये, असें आम्हीं विचारलें. जोडून पाहिली. अर्ध्या तासानें रेग्युलेटरवर बोट ठेववेना. कारण साधें आहे. हा रेग्युलेटर बारांतील पांच कामास देतो आणि सात उष्णता करून उडवितो. बोर्ड व रिले मिळून १२० मिलिअँपिअर घेत असतील तर ०.८४ वॅट उष्णता त्या नखाएवढ्या तुकड्यांत. शिवाय भरत असतांना 'बारा'ची बॅटरी बाराची राहत नाहीं, १४ व्होल्टच्या वर जाते. वैशाखांतील पत्र्याच्या पेटींत हें कसें चालावें? रेग्युलेटर तापला कीं स्वतःस वांचविण्यासाठीं वीज तोडतो, आणि आमची मोटार पुन्हा रामभरोसे.

म्हणून मध्यें 'बक कन्व्हर्टर' घातला. हा व्होल्ट उतरवितांना उष्णता फार करीत नाहीं. शंभरांतील ८०-८५ भाग कामास देतो. बॅटरी निम्म्याहून खालीं उतरूं द्यावयाची नाहीं असें धरलें, तर सातांतील साडेतीन अँपिअर-तास हातीं राहतात. रेग्युलेटरमधून ते २९ तास पुरले असते. कन्व्हर्टरमधून सुमारें ५९ तास पुरतात. एका शंभर रुपयांच्या आंतल्या वस्तूनें एक दिवसाचें अडीच दिवस केले, असा जमाखर्च आम्हीं अन्यत्र फारसा पाहिला नाहीं. मात्र एक खबरदारी. ह्या कन्व्हर्टरवर लहानसा स्क्रू असतो आणि तो किती व्होल्टवर ठेविला आहे हें दुकानदारासही ठाऊक नसतें. बोर्ड जोडण्यापूर्वीं मीटर लावून पांच व्होल्ट करून घ्यावे, मगच तार जोडावी. हा क्रम उलटा करणारे आम्हांस दोघे भेटले. दोघांचेही बोर्ड गेले.

सिम-मॉड्यूलास वेगळा कन्व्हर्टर दिला व त्याच्या तोंडाशीं १,००० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर बसविला. क्षणभराची मोठी मागणी आली कीं ती हा कपॅसिटर भागवितो; घागर जवळ भरून ठेविली म्हणजे आडावर धांवावें लागत नाहीं तसें. बोर्ड आणि मॉड्यूल ह्यांचें ताट वेगळें असावें. परंतु दोहोंची ऋण तार एकत्र जोडलेली असली पाहिजे, नाहींतर त्यांस एकमेकांचें बोलणें कळत नाहीं.

ह्याहून मोठी चूक रिलेच्या जोडणींत होती आणि ती कबूल करण्यास आम्हांस आठ दिवस लागले, कारण ती आमच्या आग्रहानें झाली होती. रिलेस दोन कडा असतात. एक एरवीं उघडी, जिला एनओ म्हणतात, आणि एक एरवीं मिटलेली, एनसी. पांच व्होल्टचा रिले ओढून धरण्यास सुमारें ७० मिलिअँपिअर लागतात. मोटार तासन् तास चालावयाची, तेवढा वेळ रिले ओढून कशास ठेवावा, ही काटकसर आम्हांस सुचली. म्हणून एनसी कड वापरली. मोटार थांबवावयाची असेल तेव्हांच रिले ओढावयाचा. परिणाम असा कीं, बोर्ड मेला कीं मोटार मोकळी. आतां एनओ कड स्टार्टरच्या स्टॉप बटणाशीं एकसरींत जोडली आहे. पाणी आहे अशी बोर्डाची खातरी असेल तोंवरच तो रिले ओढून धरतो. बोर्ड विझला, बॅटरी उतरली, तार उंदरानें तोडली, कांहींही झालें तरी रिले सुटतो, स्टार्टरची कॉईल सुटते, मोटार थांबते. आणि विझून जागा झालेल्या बोर्डानें पांच मिनिटें उगें राहून मगच रिलेस हात लावावा, अशी आज्ञा प्रोग्राममध्यें घातली आहे. सत्तर मिलिअँपिअर वांचवितांना आम्हीं मोटार घालविली. दप्तरांत असल्या काटकसरीस आम्ही बक्षीस मिळतांना पाहिलें आहे, म्हणून संवय लागली असावी.

ज्यांस एवढी उठाठेव करावयाची नाहीं त्यांनीं तयार यंत्र घ्यावें. पुण्याच्या संतोष ओस्तवाल यांचें 'नॅनो गणेश' हें मोबाईलवरून मोटार चालू-बंद करणारें यंत्र पुष्कळांनीं पाहिलें असेल. ज्यांच्या घरीं हौशी मुलगा किंवा पुतण्या आहे त्यांच्यासाठींच हें लिहिणें आहे.

घरच्या विजेवरील चार्जर हा सर्वांत सोपा पुरवठा. चांगल्या चार्जरवर १०० ते २४० व्होल्ट असें लिहिलेलें असतें, म्हणून डीपीपासून दूरच्या शेतांत वीज १७० वर आली तरी तो पांच देत राहतो. त्याचा शत्रु दुसरा आहे. खांबावरील न्यूट्रल तार तुटली तर एकेका फेजवर भलतेच व्होल्ट चढतात आणि घरांतील दिवे, पंखे व चार्जर एकदमच जातात. चार्जरच्या आधीं फ्यूज असावा. आणि विहिरीवरील चार्जर अगदीं स्वस्तांतला नसावा, कारण तो फुटला तर २३० व्होल्ट बोर्डामार्फत पाण्यापर्यंत जाऊं शकतात.

नऊ व्होल्टची चौकोनी बॅटरी मुलांच्या खेळास ठीक. उनो रिकामा बसला तरी ५० मिलिअँपिअरच्या आसपास खातो; त्या बॅटरींत फार तर ५०० मिलिअँपिअर-तास. दहा तासांत कारभार आटोपतो.

पॉवर बँक पाहून आम्हांस वाटलें होतें कीं प्रश्न सुटला. बागेंतील बोर्डास ती लावली आणि अर्ध्या मिनिटांत ती आपण होऊन बंद झाली. पुन्हा बटण दाबलें, पुन्हा बंद. दुकानदारानें बदलून दिली, दुसरीही तशीच. कारण पुढें कळलें. मोबाईल भरून झाला म्हणजे ओढ कमी होते, तेव्हां थांबावें, अशी तिची रचना असते. आमचा बोर्ड झोपला कीं इतकें थोडें खाई कीं पॉवर बँकेस वाटे, पाहुणा जेवून उठला.

हा बागेंतील बोर्ड म्हणजे आमचा दुसरा उद्योग. बारामतीच्या ॲग्रिकल्चरल डेव्हलपमेंट ट्रस्टनें उसाच्या शेतांत ओल मोजणारीं यंत्रें पुरून कृत्रिम बुद्धिमत्तेचा प्रयोग केल्याच्या वार्ता वाचून पुतण्यास हुरूप आला. मोसंबीच्या आंबे बहारास हिवाळ्यांत पाणी तोडून ताण द्यावा लागतो. ताण कमी पडला तर फूल येत नाहीं, जास्त झाला तर झाड खंगतें. माती मुठींत दाबून पाहण्याची आमची विद्या आहेच, पण दोन फूट खालची माती मुठींत येत नाहीं. म्हणून ईएसपी ३२ बागेंत बसविला. तेथें तार नाहीं, म्हणून लिथियमचा सेल आणि सौर प्लेट.

लिथियमचा सेल पूर्ण भरला कीं ४.२ व्होल्ट, मधल्या काळांत ३.७, उतरत ३ पर्यंत. तो ३.३ च्या टांचणीस थेट लावावा तर भरलेला असतांना ४.२ हे ३.६ च्या वर, चिप जाईल. पांच व्होल्टच्या टांचणीस लावावा तर बोर्डावरील रेग्युलेटर स्वतःच एक व्होल्टाहून अधिक खातो, ३.७ चे उरतात २.६, आणि वायफाय बोलूं लागला कीं बोर्ड विझतो. पुष्कळांचा बोर्ड 'सकाळीं चालतो, दुपारीं बंद पडतो' त्याचें कारण बहुधा हेंच. उपाय दोन. एक, अगदीं कमी घट घेणारा, निदान ५०० मिलिअँपिअर देणारा वेगळा ३.३ व्होल्टचा रेग्युलेटर मध्यें घालणें. आम्हीं तो घातला. दुसरा, लिथियम आयर्न फॉस्फेट जातीचा ३.२ व्होल्टचा सेल घेणें. त्याचा चार्जर मात्र वेगळा असतो, तो ३.६५ वर थांबणारा पाहिजे. सेल घेतांना वेष्टनावरील आंकड्यांस भुलूं नये. बोटभर लांबीच्या १८६५० ह्या मापाच्या सेलवर ९,८०० मिलिअँपिअर-तास छापलेले आम्हीं पाहिले आहेत. नामांकित कंपनीचा सेलही ३,५०० च्या आसपास भरतो. नऊ आणे पिकाची आणेवारी सोळा आणे लिहिण्याचा हा प्रकार.

आमचा सेल २,५०० चा. त्यांतील २,००० धरून चालूं. बोर्ड दर पंधरा मिनिटांनीं जागा होऊन दहा सेकंदांत ओल मोजतो, घरीं कळवितो आणि झोपतो. दिवसांत ९६ वेळां दहा सेकंद म्हणजे १६ मिनिटें. सरासरी १२० मिलिअँपिअरनें खर्च ३२. हा झाला कामाचा खर्च. झोपेंत काय लागतें तें मोजलें तर मीटरवर १० मिलिअँपिअर! दिवसाचे २३७. काम करण्यास ३२ आणि झोपण्यास २३७, असा ताळेबंद निघाल्यावर आम्हीं पुतण्याकडे पाहिलें. झोपत होती ती नुसती चिप. बोर्डावरील लाल दिवा, यूएसबीची चिप आणि रेग्युलेटर हे तिघे जागे राहून बसून खात होते. मग त्यानें बोर्ड काढून नुसता मूळ मॉड्यूल वापरला, ज्यावर हे तिघे नसतात. झोपेचा खर्च ०.१ मिलिअँपिअरवर आला. दिवसाचा एकंदर ३५. पूर्वीं सेल सात दिवस पुरला असता, आतां सत्तावन्न दिवस. सेल मोठा घेण्याआधीं खाणारीं तोंडें मोजावीं.

प्लेट ६ व्होल्ट, १ वॅटची. सेल भरण्याचें जें टीपी ४०५६ नांवाचें मॉड्यूल मिळतें तें १ अँपिअरवर बांधलेलें असतें. एवढ्या लहान प्लेटला ती मागणी झेपत नाहीं. त्यावरील १.२ किलो-ओहमचा रोधक काढून १० किलो-ओहमचा घातला म्हणजे तें १३० मिलिअँपिअरवर येतें. निरभ्र दिवशीं चार तासांचें भर ऊन धरलें तरी ५०० मिळतात, खर्च ३५. श्रावणाच्या झडींत ह्याचा दहावा भाग मिळाला तरी भागतें. प्लेटचें तोंड दक्षिणेस, उतार सुमारें वीस अंश ठेविला आहे. प्लेट थेट बोर्डास कधीं जोडूं नये. बाराची म्हणून विकलेली प्लेट उन्हांत मोकळी असतां २१-२२ व्होल्ट दाखविते, उनोची शेवटची मर्यादाच २० आहे. आणि ढगाची सावली पडली कीं तीच प्लेट बोर्डास उपाशी मारते.

उन्हाळ्याची एक गोष्ट सेलवाल्यांनीं लक्षांत ठेवावी. ४५ अंशांच्या वर लिथियमचा सेल भरणें योग्य नाहीं, आणि मे महिन्यांत उन्हांतील बंद डबा त्याच्या पुष्कळ वर जातो. आम्हीं प्लेट उन्हांत आणि सेल झाडाच्या सावलींत, पांढऱ्या डब्यांत ठेविला आहे. मध्यें दोन मीटर तार. डब्याचीं भोकें कापसानें बुजविलीं आहेत, कारण मागें पाल आंत शिरून दोन टांचण्यांवर आडवी झाली होती.

विहिरीवरील व्यवस्था एक वैशाख निभावून गेली. एक अडचण मात्र उरली आहे. वळवाच्या पावसांत वीज कडाडली कीं जमिनींतील लांब तारांवाटे धक्का येऊन ओल मोजणारी टांचणी दोनदां निकामी झाली. पुरवठा बॅटरीचाच असतांनाही झाली, म्हणजे धक्का पुरवठ्याच्या वाटेनें आलेला नव्हे. तूर्त आभाळ काळें झालें कीं आम्ही स्वतः जाऊन तारा उपटून येतों. ज्या वाचकांनीं आपल्या शेतांत ह्यावर कांहीं स्वस्त उपाय करून पाहिला असेल त्यांनीं तार किती लांब होती व काय बसविलें हें संपादकांच्या पत्त्यावर कळवावें. मृगाच्या आधीं कळल्यास बरें.